उलट्या जॅकेटची चेन

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी तुमच्यावर संशय घ्यायचे, आणि तुम्ही गेलात म्हणून तो मागे घ्यायचा माझा विचार नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलायचं असतं, हे मला कळतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या ऑफिसातले सगळे तसंच बोलले. देवमाणूस, मनमिळाऊ, कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. मी समोर सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, यातल्या कुणीही रोज संध्याकाळी या माणसाला दार उघडलेलं नाही.

दार मी उघडायचे. आणि हिवाळ्यात दारात जो माणूस उभा असायचा, तो मला कधी पटला नाही.

तुम्हाला सगळं माहीतच आहे, तरी पहिल्यापासून सांगते. कारण तुमची बाजू तुम्ही कधी नीट मांडली नाहीत, आणि माझी कधी पूर्ण ऐकली नाहीत. निम्म्यातच हसायचात आणि पेपर उघडायचात. आता तरी ऐका.

दिवाळी झाली की तुमचा तो सगळा थाट सुरू व्हायचा. गाझियाबादच्या आपल्या घरापासून दिल्लीच्या ऑफिसपर्यंत मोटरसायकलवर जाणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. पण तुम्ही तयारी करायचात ती हिमालयावर निघाल्यासारखी. बनियन, त्यावर थर्मल, त्यावर शर्ट, त्यावर माझ्या आईने वर्ध्याला बसून विणलेला स्वेटर. जिथे थंडी म्हणजे दोन आठवड्यांची पाहुणी, तिथल्या बाईने विणलेला, म्हणजे विरळच. त्यावर छातीला कालच्या पेपरची जाड घडी. पायात मोजे, मोज्यांवर ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या, मग बूट. डोक्याला माकडटोपी, तिच्यावर हेल्मेट. आपली पिऊ म्हणायची, "पप्पा ऑफिस नहीं जा रहे, कुरिअर हो रहे हैं." तिला आपण किती सांगितलं की घरात मराठी बोल, पण अशा गोष्टी तिला हिंदीतच सुचायच्या, आणि तुम्ही हसायचात म्हणून मी गप्प बसायचे.

आणि सगळ्यात वर ते काळं जॅकेट, उलटं. पुढची बाजू मागे, चेन पाठीवर. पुढून घातलं तर चेनच्या फटीतून वारा आत शिरतो, उलटं घातलं की छातीसमोर सलग कापड राहतं, हे तुमचं शास्त्र. दिल्लीत हे करणारे तुम्ही एकटे नाही, ते मी बघितलंय. पण पाठीवरची चेन माणसाला स्वतःची स्वतः लावता येत नाही. म्हणून रोज सकाळी आठला तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभे राहायचात, शाळेत निघालेल्या मुलीसारखे. मी डबा बाजूला ठेवून चेन लावायचे. खालून दोन बोटांवर ती हमखास अडकायची. तिथे जरा मागे घेऊन मग वर ओढावी लागायची. वर मानेपाशी आली की तुम्ही म्हणायचात, "बस, गळा आवळू नको." मी म्हणायचे, "अजून कारण मिळालं नाही." दोन मिनिटांचं काम. पण आता वाटतं, दिवसभरात आपण एकमेकांना लागून उभे राहायचो ते तेवढंच.

आता माझा मुद्दा. सकाळी जी चेन मी लावायचे, ती गेल्या पाच हिवाळ्यांत संध्याकाळी उघडायला कधी मला मिळाली नाही. तुम्ही वर यायचात तेव्हा जॅकेट काढलेलं, घडी घालून हातावर. जी चेन लावायला दुसरं माणूस लागतं, ती उघडायलाही लागतं. मग कुणी उघडली?

तुम्ही म्हणायचात, "सुनंदा, तू वॉर्डात राहून राहून पोलीस झालीस." असेन. पंचवीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलेल्या बाईला माणसं काय काय लपवतात ते कळतं. शुगर असलेला माणूस उशीखाली पेढा ठेवतो. दारू पिणारा सांगतो, फक्त होळीला. माझ्या समोर येणारं प्रत्येक माणूस आधी खोटं बोलतं आणि मग दुखतं तिथे हात दाखवतं. तुम्ही मात्र कधी ताकास तूर लागू दिली नाहीत. त्यामुळेच मला वाटायचं की कुठेतरी पाणी मुरतंय.

पहिली गोष्ट, पेपर. सकाळी छातीला इंग्रजी पेपर लावून जायचात, संध्याकाळी जॅकेटच्या घडीत हिंदी पेपर. मी विचारलं तर म्हणालात, "सकाळचा घामाने मऊ होतो, ऑफिसातला घेतो." बरं. मग विचारलं, ऑफिसातून निघताना चेन कोण लावतं? "कोणीतरी लावतं."

"कोणीतरी म्हणजे कोण?"

"अगं, जो असेल तो."

"जो की जी?"

तुम्ही पेपर उघडलात.

म्हणून मी एकदा तुमच्या ऑफिसला आले. बीपीच्या गोळ्या घरी विसरलात म्हणून द्यायला आले, असं सांगितलं. गोळ्या मीच तुमच्या बॅगेतून काढून ठेवल्या होत्या, हे आज कबूल करते. पावणेसहाला तुमच्या मजल्यावर पोचले आणि बघते तो काय, कॉरिडॉरमध्ये तुम्ही सहा-सात जण एकामागे एक रांगेत उभे. सगळ्यांची जॅकेटं उलटी. प्रत्येक जण आपल्या पुढच्याची चेन लावतोय. सगळ्यात मागे तुमचे खन्नासाहेब, टक्कल पडलेले, पोट सुटलेले. त्यांची लावायला मागे कुणी नाही, म्हणून रांगेतला पहिला वळसा घेऊन मागे आला आणि त्यांची लावून गेला. कुणी हसत नव्हतं, कुणाला त्यात काही वेगळं वाटतच नव्हतं. सेक्शन ऑफिसर, क्लार्क, ड्रायव्हर, सगळे एका रांगेत. मला बघून खन्ना म्हणाले, "आइए भाभीजी, यहाँ तो रोज़ का है. अकेला आदमी सर्दी में बाइक चला ही नहीं सकता."

दुसरी एखादी असती तर तिचा जीव भांड्यात पडला असता. माझा नाही पडला. ऑफिसचं कोडं सुटलं, म्हणजे घराकडचं अजून पक्कं झालं. तिकडे सगळ्यांची मिळून रांग आहे. मग इकडे, आपल्या घराच्या अलीकडे, कोण आहे?

दुसरी गोष्ट, वेळ. ऑफिसातून निघताना तुम्ही "निघालो" असा मेसेज टाकायचात. उन्हाळ्यात त्यानंतर तासाभरात दारात. हिवाळ्यात तासाच्या वर वीस मिनिटं, कधी पंचवीस. विचारलं तर म्हणायचात, धुकं होतं. संध्याकाळी सातला दिल्लीत धुकं नसतं, धूर असतो, हे मला माहीत नाही का? धुकं सकाळी असतं, आणि सकाळी तुम्ही वेळेवर पोचायचात.

तिसरी गोष्ट, वास. जॅकेटला लाकूड जळल्याचा वास यायचा. "दिल्लीच्या हवेलाच तो वास आहे," तुम्ही म्हणालात. मग मागच्या तीन हिवाळ्यांत तो वास एकदम बंद झाला. दिल्लीची हवा काही सुधारली नव्हती. मला वाटलं, माणूस सावध झाला. माझं हे असं होतं. वास आला तरी संशय, गेला तरी संशय.

आणि चौथी गोष्ट, हात. खरं म्हणजे सगळं सुरू झालं ते हातांवरून.

लग्न झाल्यावर आपण लक्ष्मीनगरच्या त्या एका खोलीत राहायचो, आठवतं ना. मी स्टोव्हसमोर उभी असायचे, तुम्ही मागून गुपचूप यायचात आणि दोन्ही हात माझ्या मानेवर ठेवायचात. बर्फासारखे थंड. मी अशी किंचाळायचे की घरमालकीण आंटी वर येऊन विचारायची, "बहूजी, सब ठीक?" सगळ्या हिवाळ्यांत रोज हीच गंमत, आणि मी रोज किंचाळायचे. खोटं कशाला सांगू, तुम्ही जिन्यात आल्याचं मला कळायचं. मी पाठ करून उभी राहायचे ते मुद्दाम.

ती गंमत वीस वर्षं चालली आणि कोविडच्या पहिल्या हिवाळ्यात बंद झाली. आधी वाटलं, वय झालं. मग एकदा चहाचा कप देताना तुमची बोटं माझ्या बोटांना लागली. गरम. नुसती कोमट नाहीत, चांगली गरम. तासभर हँडल धरून, यमुनेच्या पुलावरचा वारा खाऊन आलेल्या माणसाचे हात गरम कसे असतील? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

तुम्ही म्हणालात, ग्लोव्ह्ज चांगले आहेत. ते ग्लोव्ह्ज मीच घेतले होते, ते कितपत चांगले आहेत ते मला माहीत होतं. मग म्हणालात, सिग्नलला गाडी थांबली की इंजिनवर हात टेकवतो. मी एका रविवारी मुद्दाम तुमच्यामागे बसून आनंद विहारपर्यंत आले आणि तिथल्या सिग्नलला वाकून इंजिनवर हात टेकवून बघितला. ग्लोव्ह करपला, बोटं थंडच राहिली. तुम्ही पुढून म्हणालात, "मिळाला का पुरावा?" मिळाला होता, पण तुम्हाला वाटला तो नाही.

आपलं मेट्रोचं भांडणही तसंच राहिलं. घरापासून स्टेशन चालत दहा मिनिटांवर. मी रोज मेट्रोने हॉस्पिटलला जाते, उबेत बसून. तुम्ही पन्नाशी ओलांडलीत तरी छातीला पेपर बांधून गाडीवर. का? "गाडीवर माणूस एकटा असतो, डोकं मोकळं होतं." मी विचारलं, एकटा असतो की मागे कुणी असतं? तुम्ही मोठ्याने हसलात. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी जास्तीच्या हेल्मेटमध्ये केस शोधले. एक लांब सापडला. पिऊचा होता, तिने तेव्हा टोकं लाल केली होती. तरी मी तो दोनदा उजेडात धरून बघितला.

हसू नका. म्हणजे, हसा.

मग तो सोमवार. सकाळी नेहमीसारखी चेन दोन बोटांवर अडकली, नेहमीसारखी वर ओढली. तुम्ही "गळा आवळू नको" म्हणालात की नाही, हे मला आठवत नाही. सगळं आठवतं आणि तेवढंच आठवत नाही, म्हणजे काय म्हणावं. ऑफिसात पोचलात, गाडी लावलीत, खन्नांनी चेन उघडली, आणि तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात तुम्ही बसलात ते उठला नाहीत. ऑफिसच्या लोकांनी जवळच्या हॉस्पिटलात नेलं. मी पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्यांच्या बाबतीत मी ते दारातूनच ओळखते. तुमच्या बाबतीत जवळ जाऊन बघावं लागलं.

आठवड्याने खन्नांनी गाडी घरी आणून दिली. जॅकेट, हेल्मेट, ग्लोव्ह्ज, सगळं एका पिशवीत. मी जॅकेटचे खिसे तपासले. होय, तेव्हाही. पेट्रोलच्या पावत्या, एक कंगवा, खोकल्याच्या दोन गोळ्या. पिऊ मला बघत होती. म्हणाली, "आई, अब क्या ढूँढ रही हो?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "यार आई, पप्पा तो पप्पा ही थे." आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, पण खिसा सोडला नाही.

परवा संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसातून फोन आला की गाडी पाहुण्यांच्या जागेत लागली आहे, हलवा. मी किल्ली घेऊन खाली गेले. गेटवर आपले रामसेवकजी ड्यूटीला होते. इतकी वर्षं तेच आहेत, तुमच्याहून मोठे असतील, मिशा पांढऱ्या. आपली बाल्कनी मागच्या बागेकडे, त्यामुळे गेटवर काय चालतं ते मला घरातून कधी दिसलं नाही. गाडी त्यांनीच ढकलून जागेवर लावली आणि मग उभेच राहिले. म्हणाले, "मैडम, साहब का एक सामान हमारे पास पड़ा है. देने आते, पर हिम्मत नहीं हुई."

केबिनमध्ये गेले. हीटर, रजिस्टर, टॉर्च, आणि कोपऱ्यात एक लाल प्लास्टिकचं स्टूल. "ये साहब का है. खुद लाए थे, अपने बैठने के लिए."

म्हणजे सापडलं. माझ्या नवऱ्याचं दुसरं घर. एक हीटर आणि एक स्टूल.

तुम्ही मला ओळखता. मी लगेच विश्वास ठेवला नाही. चाळीस घरांच्या सोसायटीत गार्डने विधवेला बरं वाटेल असं काही सांगणं यात काही अवघड नाही. मी विचारलं, "साहब यहाँ बैठते थे? कब?"

"जाड़े में रोज़. शाम को गाड़ी लगा के सीधा यहीं. पहले तो हम लोग तसले में लकड़ी जलाते थे, फिर धुएँ पे रोक लगी तो सोसायटी ने हीटर दिया."

"जैकेट कौन खोलता था?"

"हम ही खोलते थे, और कौन."

"कैसे?"

रामसेवकजींना प्रश्न विचित्र वाटला असणार. पण उत्तर दिलं. "ऊपर से नीचे. आख़िर में दो अंगुल पे फँसती थी. वहाँ थोड़ा ऊपर करके फिर खींचनी पड़ती थी."

मी स्टुलावर बसले. ज्याने ती चेन कधी उघडली नाही, त्याला हे माहीत असणं शक्य नाही. धूर, वीस मिनिटं, हात, सगळं त्या दोन बोटांवर येऊन सुटलं. तुम्ही घरापासून चार जिन्यांवर बसलेले असायचात आणि मी वर घड्याळ बघत असायचे.

"पर क्यों?" मी विचारलं. "घर में भी तो हीटर है."

रामसेवकजींनी हीटर माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, "साहब ने एक बार बताया था. कोरोना वाले साल. बोले, मैडम दिन भर ठंडे हाथ पकड़ के आती हैं. मैं भी वही लेके जाऊँ क्या?"

आणि मला आठवलं. त्याआधी आठवत नव्हतं, शपथेवर सांगते. त्या हिवाळ्यात एका दिवशी वॉर्डात तीन माणसं गेली होती. त्यांच्या घरच्यांना आत यायची परवानगी नव्हती, म्हणून शेवटी हात धरायला मीच होते. ग्लोव्ह्जवर ग्लोव्ह्ज घालून, तरी गारठा लागायचा. घरी आले, आंघोळ केली, गॅसपाशी उभी राहिले. तुम्ही मागून येऊन मानेवर हात ठेवलेत. मी किंचाळले नाही. मी वळून म्हणाले, "असे हात घेऊन माझ्याजवळ पुन्हा येऊ नका." तुम्ही "बरं" म्हणालात. मी पोळ्या लाटायला घेतल्या. माझ्यासाठी ते तिथे संपलं.

तुम्ही पाच हिवाळे ते पाळलंत. त्याच्यावर मी हिशेब मांडला तो बाईचा.

मी तिथे बसून रडले असते, आणि माझं हे बोलणं इथेच, तुमचे आभार मानून संपलं असतं. मनात तेवढंच येत होतं, की या माणसाने माझ्या एका वाक्यासाठी केवढं केलं आणि बोलून दाखवलं नाही. पण माझी सवय. उठता उठता मी आणखी एक प्रश्न विचारला. "इस साल भी बीस मिनट ही बैठते थे?"

"इस साल तो ज़्यादा, मैडम. इस साल आते ही बात नहीं करते थे. छाती पे हाथ रख के चुपचाप बैठते. दस मिनट, कभी पंद्रह. पसीना भी आता था, इतनी ठंड में. फिर बोलते, चलो, उतर गया, तब जाके हाथ सेंकते और ऊपर जाते."

"क्या उतर गया?"

"बोलते थे, हवा लग गई है."

थंड वारा छातीवर घेत तासभर गाडी चालवायची, छाती भरून यायची, आणि स्वस्थ बसलं की उतरायची. याला काय म्हणतात हे मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना फळ्यावर लिहून शिकवते. थंडीत वाढतं, विश्रांतीने उतरतं, वाट बघू नका, लगेच दाखवा. मी शिकवत होते आणि तुम्ही खाली बसून उतरवत होतात.

मी रामसेवकजींवर ओरडले. त्यांची काही चूक नव्हती. "मुझे क्यों नहीं बताया? मैं नर्स हूँ, पता नहीं था आपको?"

ते खाली बघून म्हणाले, "साहब ने मना किया था, मैडम. बोले, ऊपर मत बताना. उनको ये सब वहाँ दिन भर देखना पड़ता है, घर में तो आराम रहे."

अहो, आता मला एक खरं सांगा. तुम्हाला कळत होतं का? अर्धवट तरी कळत असणार. छाती धरून पंधरा मिनिटं बसणारा माणूस इतका भोळा नसतो. बीपीच्या गोळ्या घेत होता, बायको सिस्टर, घरात पुस्तकं पडलेली. तरी तुम्ही घाम पुसलात, हात शेकलेत, जॅकेटची घडी घातलीत आणि माझ्यासमोर एक ठणठणीत माणूस आणून उभा केलात. रोज. मी त्या माणसाकडे डोळे बारीक करून बघायचे आणि विचार करायचे, हा इतका ठीक कसा? प्रश्न बरोबर होता हो. उत्तर मी भलतीकडे शोधत होते. मी तुमच्या खिशांत बघितलं, हेल्मेटमध्ये बघितलं, घड्याळात बघितलं. तुमच्याकडे बघितलं नाही.

एखादी बाई निघाली असती तर बरं झालं असतं. मनापासून सांगते. मी भांडले असते, वर्ध्याला निघून गेले असते, महिनाभर फोन उचलला नसता. आणि तुम्ही असता.

त्या सोमवारी हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने मला विचारलं होतं, "आंटी, पहले से कोई तकलीफ़? सीने में दर्द, साँस फूलना?" मी ताठ उभी राहून सांगितलं, नाही, काही नाही, मी स्वतः सिस्टर आहे, मला कळलं असतं. त्याने मान हलवून तसं लिहून घेतलं. हेच उत्तर मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या बायकांकडून ऐकलं आहे. सिस्टर, बिल्कुल ठीक थे. आणि दर वेळी मला वाटलं आहे, एका घरात राहता, एका ताटात जेवता आणि दिसत नाही? काहींना तर तोंडावर बोलले आहे. त्या बाया कुठल्या कुठे गेल्या असतील, त्यांची माफी आता कुठे मागू.

स्टूल मी वर आणलं नाही. रामसेवकजींना म्हटलं, राहू द्या इथेच, कुणाला तरी लागेल. पिऊला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्यासाठी पप्पा हे पप्पाच होते, तसेच राहू देत. मला मात्र तुमच्याशी भांडायचं आहे आणि तुम्ही समोर नाही.

मी ते वाक्य बोलले, कबूल. दमले होते, घाबरले होते, बोलून गेले. पण बायको रोज शंभर गोष्टी सांगते. जॅकेट खुर्चीवर टाकू नका, मेट्रोने जा, एकदा ईसीजी काढून घ्या. त्यातल्या नव्याण्णव तुम्ही एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडल्यात आणि पाळलीत ती नेमकी हीच. इतकं कुणी ऐकतं का बायकोचं? एखाद्या दिवशी विसरायचं होतं. दमून, घामेजून, छाती भरलेली असताना सरळ वर यायचं होतं आणि तेच बर्फासारखे हात माझ्यावर ठेवायचे होते. मी ओरडले असते, नक्की ओरडले असते. आणि ओरडता ओरडता, निव्वळ सवयीने, तुमचं मनगट धरून नाडी मोजली असती.